वाघरीपुढचा पोरगा

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेंढरांची खुरं तासणं. दिवस कलायला लागला होता. ती अंगणात एकेक मेंढरू ढुंगणावर बसवायची, पाठीमागनं त्याचे पाय धरायची आणि मी चाकूनं खुराची वाढलेली कड काढायचो. टीव्ही मी घरातनं ओढून उंबऱ्यापाशी आणून ठेवला होता, तोंड अंगणाकडं करून. लेकाची मॅच होती, आणि हातातलं मेंढरू सोडून आत जाऊन बसणारी ती बाई नव्हती.

लेक खेळत नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर लोक विचारतात, कितव्या नंबरचा म्हणून. पूर्वी खेळायचा, गोलकीपर होता. आता एका मोठ्या फुटबॉल क्लबात गोलकीपरांना शिकवतो. क्लब लांबचा, विमानानं जावं लागतं. तिथं एक मोठा कोच असतो आणि त्याच्या हाताखाली आणखी कोच असतात. त्या हाताखालच्यांतला हा एक. मॅच सुरू झाली की हा बाकड्यावर बसतो आणि टीव्हीत दिसत नाही. दिसतो तो आधी, मैदानात सराव चालतो तेव्हा. गोलकीपरला चेंडू मारून देत असतो. तेही टीव्हीवाल्यांच्या मनात आलं तर. दोन-चार चेंडू मारेपर्यंत दाखवतात, मग कोट घातलेली माणसं बोलत बसतात.

म्हणून ती मॅच बघायचीच नाही. मॅचच्या आधीचं बघायची. शिट्टी वाजली की टीव्हीकडं पाठ. मी म्हणायचो, "अगं, खरा खेळ तर आत्ता सुरू झाला."

"तुमी बगा. माजा झाला."

त्या संध्याकाळीही तिची नजर टीव्हीवर आणि हात मेंढराच्या पायावर. लेक दिसला. पण गोलकीपरला चेंडू मारत होता तो दुसराच माणूस. आमचा पोरगा गोलच्या खांबाजवळ उभा होता, हातात चेंडू भरायची जाळीची पिशवी घेऊन.

"त्येच्या हातातलं काम काडून घेतलंया," ती म्हणाली.

"कशावरनं? एवढंसं तर दाखवलं. तुला त्यातलं काय कळतंय?"

"फुटबॉल न्हाई कळत. उभं ऱ्हाणं कळतं. दुष्काळात दुसऱ्याच्या हिरीवर घागर घिऊन गेल्यावर मी अशीच उभी ऱ्हायाची. मालकीण वर बगीस्तवर."

मेंढरानं पाय झाडला आणि चाकू माझ्या अंगठ्याला लागला. ती म्हणाली, "तुमीबी तितंच बगत व्हता की."

तिचं हे एकटीचं मनात आलेलं नव्हतं. आदल्या आठवड्यात सूनबाईनं साताऱ्याहून फोन केला होता. सूनबाई साताऱ्यात शाळेत शिकवते, लेकाचं घर तिथंच. क्लब सारखा हरत होता, म्हणून मोठ्या कोचला घरी घालवला होता, हे आम्हाला माहीत होतं. सूनबाईनं मोबाइलवर आलेली बातमी वाचून दाखवली, की आता हाताखालचे कोचही बदलायची शक्यता आहे.

"शक्यता म्हंजे?" हिनं विचारलं. "ठिवणार का काडणार?"

"अजून ठरलेलं नाही, आई."

"मग छापलं कशाला? ठरल्यावर छापायचं की."

त्या दिवसापासनं घरात बसणं नाही. ती भाकरी थापायची आणि मधेच उठून फोनकडं जायची. फोन वाजलेला नसायचा. मी ओरडायचो, "भाकरी करपली." ती म्हणायची, "तुमी परता." मी परतायचो आणि पुन्हा करपवायचो. लेकाचा फोन आला की मात्र दोघंही गपगार. जेवलास का, जेवलो. थंडी हाय का, न्हाई. मूळ गोष्ट कुणी काढायचं नाही. तोही काढायचा नाही.

हाताखालच्यांचं हे असं का असतं, मला कळत नाही. आम्ही आयुष्यभर मेंढरांमागं फिरलो. दिवाळी झाली की आटपाडीकडनं निघायचं, कधी औंधाकडनं, कधी सरळ कराडावरनं, पाटणच्या अंगाला उतरायचं, पुढं कोकण. पंधरा-वीस घरांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या असा तांडा, आम्ही त्याला वाडा म्हणतो. वाड्यावर लांडगा पडला आणि एखादं मेंढरू गेलं की पहिल्या शिव्या कुत्र्याला बसायच्या. म्होरक्याला कोण बोलणार? पण म्होरक्या बदलला म्हणून कुत्री बदलली, असं मी कधी बघितलं नाही. कुत्र्याला वाटा माहीत असतात. हे मी तिला बोललो तर ती माझ्यावरच घसरली. "माज्या लेकाला कुत्रं म्हणता व्हय?"

आता त्याच्या गोलकीपर होण्याचं सांगतो, कारण तिथंही तीच होती.

पाटणच्या अंगाला आम्ही लोकांच्या रानात मेंढरं बसवायचो. रानाला खत होतं, आम्हाला धान्य मिळतं. संध्याकाळी खुंट्या ठोकून भोवतीनं जाळी लावायची आणि मेंढरं आत घालायची. ह्या जाळीला आम्ही वाघर म्हणतो. वाड्यावरची पोरं चिंध्यांचा चेंडू करून लाथाडत बसायची. एकदा चेंडू वाघरीला येऊन आपटला, मेंढरं बुजली, एका कडेची खुंटी उपसून बाहेर पडली. तान्ही कोकरं पायाखाली आली. तिनं तिथंच आमच्या पोराला धरला.

"पुन्यांदा वाघरीला चेंडू लागला तर तंगड्या मोडीन."

"मी न्हाई मारला आई, त्यानं मारला."

"कुणीबी मारू दे. लागला तर तुज्या तंगड्या."

म्हणून हा वाघरीपुढं उभा राहायला लागला. बाकीची पोरं खेळायची, हा अडवायचा. खेळ त्याला खेळायला मिळायचाच नाही. पण काय अडवायचा! आडवा पडायचा, गुडघे फोडून घ्यायचा. पोरंही मग मुद्दाम वाघरीवरच मारायची. पुढं साताऱ्याला वसतिगृहात शाळेला घातला, तिथल्या मास्तरनं बघितलं आणि त्याला गोलात उभं केलं. पहिली मोठी मॅच बघायला आम्ही वाड्यावरनं साताऱ्याला गेलो, अंगावर घोंगडी तशीच. हिनं गोलची जाळी बघितली आणि भर मैदानात मोठ्यानं म्हणाली, "आगं बया, ही तर वाघरच की! पर आत मेंढरं न्हाईत. मग ह्यो राकतोय काय?"

शेजारची माणसं हसली. हिला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. घरी जाईपर्यंत तेच विचारत होती.

तर त्या संध्याकाळी क्लब पुन्हा हरला. खुरं तासून झाली. तिनं हात धुतले आणि लेकाला फोन लावला. मला वाटलं, जेवलास का विचारंल. तिनं विचारलं, "चेंडवाची पिशवी कुणी उचलायची असती रं?"

तो हसला. म्हणाला, "सगळ्यांनीच उचलायची असते, आई."

तिनं फोन ठेवला. "खोटं बोलतोय," म्हणाली. मग मेंढरांकडं बघून म्हणाली, "उद्या त्या लंगडीला येगळी बांदा. चालवू नगा तिला."

एका मेंढीचं खूर आतपर्यंत सडलं होतं, तिच्याबद्दल. ते शेवटचं माझ्याशी बोललेलं. दुसरं काही बोलली असती तर बरं झालं असतं का, हे मी लय वेळा मनात उलटंपालटं केलंय. नसतं झालं. दुसरं काय बोलणार होती ती.

सकाळी ती नेहमीसारखी माझ्या आधी उठून वाघरीकडं गेली. मी चूल पेटवून चहा ठेवला. मेंढरं ओरडत होती. सोडायच्या वेळेला ओरडतातच. पण ओरडणं थांबंना आणि घंटीचा आवाज पुढं सरकंना, म्हणून बाहेर आलो. ती वाघरीच्या खुंटीला टेकून बसली होती, एका हातात दोरी. कंबर धरली असंल असं वाटलं. मी म्हणालो, "चहा हितंच आणू का?"

आटपाडीच्या डॉक्टरानं हार्ट सांगितलं. बरं. त्यानं आणखी काय सांगायचं.

लेकाला फोन मीच केला. मला आडवळणानं बोलता येत नाही. म्हणालो, "आई गेली." तो म्हणाला, "कुठं?" मागं तिकडं कुणीतरी शिट्टी फुंकत होतं. सराव चालला असंल.

लोक जमले. जो येईल तो मला धरून बसवतो. बसा आबा, बसा. मी उठतो. वाघरीपर्यंत जातो, परत येतो. मेंढरं आत तशीच, उपाशी, ओरडून ओरडून घसा बसलेली. त्यांना कडबा टाकला तर एकीनं ओढून सांडला आणि दुसरीनं तुडवला. त्यांना चरायला जायचं होतं. पुढं ती आणि मागं मी, असं आम्ही रोज जायचो. म्हातारपणी कोकणात जाणं सोडलं, थोडी मेंढरं ठेवली आणि गावच्याच माळावर फिरवायला लागलो. बाकी सगळा गाव दिवाळीलाच मेंढरं घेऊन पश्चिमेला गेलेला. माझ्या थोरल्या भावानं गुडघ्यांपायी मेंढरं कधीच विकली, त्याचे पोरगे सोनं गाळायच्या धंद्यात तिकडं मद्रासला. म्हणजे माणसं होती ती बसणारी. चालणारं कुणी नव्हतं.

थोरला भाऊ म्हणाला, "किती वेळ ठिवायचं तिला? दिवस मावळायच्या आत कराय पायजे."

"पोरगं येतंय."

"इमान तुज्या हाकंवर उतरतंय व्हय?"

उतरलं. पुण्यापर्यंत विमान, तिथनं गाडी, वाटेत साताऱ्याला सूनबाईला घेतली आणि दिवस मावळायच्या बऱ्याच आधी पोरगा दारात. अंगात क्लबाचं जाकीट, पायात बूट. तसाच तिच्या पायापाशी बसला. तिचे पाय धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. पाय आवळून धरले तशी तिची जोडवी वाजली.

मी पाण्याची घागर आणायला मागच्या दारी गेलो तर सूनबाई मागनं आली.

"आबा, एक सांगू का? ह्यांनी सांगू नको म्हटलंय."

"मग सांग."

नवा मोठा कोच आला होता. त्यानं येत्या परवा सकाळी हाताखालच्या सगळ्यांना मैदानावर बोलावलं होतं. काम बघणार, बोलणार आणि तिथंच ठरवणार, कोण राहील आणि कोण जाईल ते. लेकानं विमानात बसायच्या आधी कळवलं, की मला जमणार नाही, माझी आई गेली.

"मग काय म्हणालं तिकडनं?"

"'बरं' म्हणाले."

"आन?"

"एवढंच. नुसतं 'बरं'."

ह्या 'बरं'ला मी ओळखतो. रानात मेंढरं बसवायची का म्हणून विचारायला गेलो आणि रानवाला 'बरं, बगू' म्हणाला की आम्ही सरळ पुढच्या गावाची वाट धरायचो.

आमच्यात असं आहे, की जो अग्नी देतो तो दहाव्यापर्यंत बांधला जातो. पायात घालायचं नाही, गावाची वेस ओलांडायची नाही, कामधंदा करायचा नाही. आईला अग्नी लेकानंच द्यायचा, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. त्याला अंघोळीला बसवायची तयारी चालली होती, त्याचे बूट कुणीतरी काढून कोपऱ्यात ठेवले होते. मी ते बूट बघितले. खाली खिळे असलेले नव्हते, साधेच होते. पण तळाला हिरवं गवत चिकटलेलं. म्हणजे मैदानातनं उठून तसाच आला होता.

मी सदरा काढला आणि घागर डोक्यावर ओतली.

थोरला ओरडला, "आरं, त्येची अंगुळ हाय. तुजी न्हाई."

"अग्नी मी देनार."

"पोरगं असताना?"

"माजी बायकू हाय. मी आनली, मीच पोचवतो."

"लोकं काय म्हणतील? पोरानं केलं न्हाई म्हणतील."

"लोकांनी त्येंच्या बायकांचं बगावं."

बायका रडायच्या थांबल्या. एक म्हातारी पदराआड हसलीसुद्धा, मी बघितलं. लेक माझ्याकडं बघत राहिला. मग सूनबाईकडं बघितलं, आणि सूनबाईनं मान खाली घातली. त्याला कळलं. तो पुढं आला. "आबा, हे नको."

"तू गप. खांदा दे."

मडकं मी घेतलं, अग्नी मी दिला. ते सांगत नाही.

घरी आलो. भावकीतनं पिठलं-भाकरी आली होती, ती समोर ठेवून सगळे बसलेले. मला वाटलं, एक तरी काम ह्या दिवसात आपल्या हातनं सरळ झालं. मी लेकाला म्हणालो, "आता तू मोकळा हायस. सकाळच्याला नीघ. परवाची गाठ पडंल."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. "आणि मेंढरं?"

"मेंढरांचं काय?"

"तुम्ही अग्नी दिलाय. तुम्हाला आता वेस ओलांडता येत नाही. माळ वेशीबाहेर आहे. मेंढरं कोण चारणार? काकांचे गुडघे गेलेत, गावात कोण नाही. मलाच थांबायला लागणार."

मी खरंच हा विचार केला नव्हता. इतकी वर्षं ती पुढं असायची. मी नसलो तरी मेंढरं माळावर जायची. माझ्या डोक्यात ती अजून होतीच. ती जाईल की मेंढरं घेऊन, असं कुठंतरी धरून मी ते मडकं उचललं होतं.

थोरल्यानं कपाळाला हात लावला. "लय शाना! पोराला सोडवाय गेला आन सवताबी अडकला, त्येलाबी अडकवलं. न्हायतर त्येला बसवला असता आन तू चारली असतीस की मेंढरं."

"मग पोरगं गेलं नसतं."

"आता तरी कुटं जातंय?"

त्याचं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हणालो, कडबा टाकू. लेक म्हणाला, कडबा दोन दिवसांचाही नाही. मी म्हणालो, विकून टाकतो मेंढरं. तो म्हणाला, सुतकात? मी म्हणालो, तुझं डोस्कं फिरलंय, एवढी वर्षं वाघरीपुढं उभं राहून इथवर पोचलास आणि आता मेंढरांपायी बसतोस. तो म्हणाला, "आबा, तिकडं मी राहीनच असं नाही. गेलं महिनाभर मी पिशव्याच उचलतोय. आईनं बरोबर ओळखलं होतं. गेलो काय, न गेलो काय."

"मंग तसं तोंडावर सांगू दे त्येला. तू नसताना कशाला?"

सूनबाईनं ताटं उचलली. मी उठून वाघरीकडं गेलो. आलो. परत गेलो. त्या दिवसात मी घर ते वाघर किती चाललो असंन. तिथं गेलो की इथं यावंसं वाटायचं, इथं आलो की तिथं.

एक गोष्ट तिथं खुंटीपाशी उभं राहून आठवली. पोरगा कॉलेजात असताना हिनं त्याला विचारलं होतं, की सगळी पोरं पुढं पळतात, तूच एकटा मागं का? तो म्हणाला होता, मागं उभं राहिलं की सगळी दिसतात. कोण कुठं चुकलंय ते मागनंच कळतं. तेव्हा ही माझ्याकडं बघून म्हणाली होती, "तुमच्यावर ग्येलाय. तुमीबी मागनंच बडबडता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली नाही. घरात सगळे निजलेले होते, थोरला तेवढा कट्ट्यावर घोंगडं पांघरून बसल्या बसल्या पेंगलेला. मी पहिल्यांदा लंगडीला वेगळी काढली आणि गोठ्यात दावणीला बांधली. पुढ्यात कडबा टाकला, पाण्याची पाटी ठेवली. मग वाघरीची दोरी सोडली.

पायात काही घातलं नाही. तेवढं पाळलं.

मी पुढं झालो आणि जीभ टाळूला लावून तिच्यासारखा आवाज काढून बघितला. एकही मेंढरू हललं नाही. माझ्याकडं बघतात आणि माझ्या मागं बघतात. दुसऱ्यांदा काढला, तर एका मेंढ्यानं तोंड फिरवलं. मला भयंकर राग आला. त्यांचाही, तिचाही. मग मी सरळ मागं गेलो, माझ्या जागेवर, आणि नेहमीची हाळी दिली. तेव्हा निघाली. एक काळी मेंढी आधी निघाली, मग सगळी. घंटी वाजायला लागली. ती त्यांना जिथनं न्यायची तिथनंच मेंढरं गेली, ओढ्याच्या कडेनं, बाभळीखालनं, पुढं कुणी नसताना.

घंटीनं थोरला जागा झाला. "आरं ए! कुटं निगालास? येस वलांडू नगंस! अग्नी दिलायस काल!"

"मेंढरांना सुतक न्हाई," मी म्हणालो आणि वेस ओलांडली.

त्याच्या शिव्या बराच वेळ ऐकू येत होत्या. माळावर कुसळं आणि सराटे. दोन काटे तिथंच पायात मोडले. वाकून काढत होतो तेवढ्यात मागनं पळत येणारे पाय ऐकू आले. लेक. तोही अनवाणी. अंगात कालचंच जाकीट.

"आबा, काय करताय हे?"

"मेंढरं चारतोय. दिसत न्हाई?"

"द्या ती काठी. घरी चला."

"काठी दिली तर तू दहा दिवस इथं. मला तू घरात नको हायस."

असं मी बोललो. खोटं होतं. मला तो हवा होता, त्या घरात मी एकटा कसा बसणार ह्याच भीतीनं रात्र गेली होती. पण ते बोललो असतो तर तो थांबला असता.

मेंढरं पांगायला लागली होती. एक कोकरू वाट चुकून खाली ओघळीकडं निघालं, तसा तो बोलता बोलता न बघता आडवा झाला आणि एका हातानं त्याला अडवून वर लोटलं. त्याचं त्याला कळलंही नाही.

"आबा, समजा मी गेलो आणि त्यांनी काढूनच टाकलं तर?"

"तर ये. मेंढरं हितंच हायत."

तो हसला नाही आणि रडलाही नाही. खाली बसला आणि माझा पाय मांडीवर घेऊन राहिलेला काटा काढला. नखानं निघंना, तर दातानं ओढला. मग उठला. म्हणाला, "लंगडीला काय देऊ जाताना?"

"तुजी आई म्हणाली हाय, चालवू नगा. एवढंच. सूनबाईला सांग, पाणी बगून जा म्हणावं."

तो उताराला लागला. आधी चालत, मग पळत. मी बघत उभा राहिलो असं नाही, मला मेंढरं होती. पण थोड्या वेळानं गाडी चालू झाल्याचा आवाज माळावर आला, वेशीपर्यंत आला, डांबरी रस्त्याला लागला. मेंढरांनी माना वर केल्या आणि परत खाली घातल्या.

पुढं माळाला चढ होता. दोन कोकरं मागं राहिली होती, त्यांना काठीनं हळू पुढं घातलं आणि मी चालायला लागलो.